आंतरवासितेसाठी नाशिक शहरातील शाळा घ्यावी की ग्रामीण?
डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या आंतरवासितेसाठी (म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी) शाळा निवडण्याची मुभा तुमच्या अध्यापक विद्यालयाने दिली असेल, तर केवळ घराजवळची म्हणून नाशिक महापालिकेची शाळा मागू नये, असे माझे मत आहे. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत एकच शिक्षक अनेकदा दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतो आणि पहिलीतील अनेक मुले घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलत असल्यामुळे पाठ्यपुस्तकातील मराठीपर्यंत त्यांना हळूहळू आणावे लागते. हे कौशल्य पाठ टाचणातून (तासाच्या लेखी नियोजनातून) येत नाही, प्रत्यक्ष वर्गातच येते. मात्र पावसाळ्यात घाटातील प्रवास (आणि एस.टी.च्या वेळा) आधी पाहून घ्याव्यात. शक्य असल्यास मुख्याध्यापकांना आधी भेटून कोणते वर्ग मिळतील, हेही विचारावे.