फोनवरून हृदयाचं पुनर्वसन: हात आधी, फोन नंतर

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. मावशीचे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेत, पण चार पायऱ्या चढल्या की तिला दम लागतो. हॉस्पिटलमधून तिला आता फोनवर व्यायाम सांगतात. मलाही हेच काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, पेशंटला हात न लावता कसली फिजिओथेरपी? यात करिअर होईल का?

उत्तर: बाबांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचंच. या कामातही हात लावावा लागतो. पहिली तपासणी समोरासमोरच व्हायला हवी: बीपी, ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. कॅन्सर हाडात पसरलाय का, हाताला सूज आहे का, केमोमुळे तळपाय बधिर झालेत का, हे बघितल्याशिवाय कुणाला 'चाला' म्हणायचं नाही. फोन येतो तो त्यानंतर, कारण कणकुंबी-जांबोटीकडच्या बाईला आठवड्यातून तीनदा बेळगावला या म्हटलं तर ती दुसऱ्या आठवड्यात यायची थांबते. भाडं, सोबतीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी, पावसाळ्यातले रस्ते, सगळं आडवं येतं.

मावशीला दम कशाने लागतो ते तिचे डॉक्टरच सांगतील, आणि अजून दाखवलं नसेल तर आधी दाखवा. पण हृदयाकडे का बघायचं, ते तुला पक्कं माहीत हवं. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल रंगाचं केमो, हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि ती कधीकधी वर्षांनी उघडी पडते. ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाने हृदयाची पंप करण्याची ताकद उतरू शकते. औषध थांबवल्यावर ती बऱ्याचदा सुधारते. डाव्या छातीवरच्या रेडिएशनचाही धोका असतो. त्यात महिनोन्महिने पडून राहिल्याने अंगातली ताकदच गेलेली असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी हृदय-पुनर्वसनाची रूपरेषा मांडली, युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ ला आली. व्यायामाने दमसास वाढतो याला चांगला आधार आहे. औषधाची इजा त्याने पूर्ण टळते, असं मात्र कुणाला सांगू नकोस.

आता खरं कौशल्य कुठे लागतं ते सांगते. आपल्याकडची बाई फोनवर विचारलं की 'बरं हाय' एवढंच म्हणते. तिच्याकडून खरं काढून घ्यायचं असतं. विहिरीपर्यंत जाताना कुठे थांबलात? चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं का? आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून रात्री उशा वाढवाव्या लागतात का? नाडीच्या आकड्यावर विसंबू नकोस. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी ठेवणारं औषध, चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि केमोनंतर कित्येकांची बसल्या जागीही जोरात चालते. म्हणून 'किती थकल्यासारखं वाटतं' ही बोर्ग मोजपट्टी जास्त कामाची. ती मराठी आणि कन्नड दोन्हीत सहज विचारता येणं ही तुझी मोठी जमेची बाजू आहे. व्हिडिओला रेंज नसेल तिथे साधा फोन आणि वहीतली नोंद चालते.

आणि कधी थांबवायचं, हे व्यायामाआधी शिक. छातीत दुखणं, चक्कर, ताप, एकाच पायाला सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, यातलं काहीही ऐकलंस की व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टर. छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर १०८. औषध बदलणं तुझं काम नाही.

करिअरचं स्पष्ट सांगते. एवढ्याच कामाची वेगळी जागा जाहिरातीत शोधत बसू नकोस, आज ती क्वचितच मिळेल. दार आहे ते हृदय आणि श्वसन या विषयातल्या दोन वर्षांच्या एमपीटीचं, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीचं. ती केलीस की आयसीयू, बायपासनंतरचं पुनर्वसन, कॅन्सर वॉर्ड सगळीकडे काम आहे आणि दूरस्थ पुनर्वसन त्यातूनच वाढवता येतं. बीपीटीनंतर थेट एखाद्या ॲपच्या कंपनीत फोनवर व्यायाम सांगायला बसणं मला मुळीच पटत नाही. ज्या हातांनी दम लागलेला माणूस कधी सावरला नाही, त्यांना तो फोनवर ओळखू येणार नाही.

एमपीटीसाठी बेळगावातच पर्याय आहे. महाराष्ट्रात जायचं असेल तर सीमाभागातल्या गावांसाठी काही अभ्यासक्रमांत सवलत असते. तुझं गाव यादीत आहे का आणि ती एमपीटीला लागू आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच तपास. फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणीचे नियम २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार बदलत आहेत, तेव्हा इंटर्नशिप संपताच तेही कॉलेजात विचारून घे.

इंटर्नशिपमध्ये कार्डिॲक आयसीयू आणि कॅन्सर वॉर्ड दोन्ही मागून घे. मावशीच्या पुढच्या तपासणीला तिच्यासोबत जा, बाबांनाही ने. तिथला फिजिओथेरपिस्ट तिला कुठे हात लावून तपासतो, ते त्यांना बघू दे.