टेडीच्या पोटात काका

लातूरमध्ये समुपदेशक म्हटलं की लोकांना वाटतं नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची मुलं, त्यांचे मार्क आणि त्यांचे आईबाप, एवढंच काम असणार. तसं ते खोटंही नाही. पण तुळशीचं लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की माझ्याकडं दुसरीच तक्रार वाढते, "मॅडम, पोरगं नको त्या गोष्टीला भ्यायलंय." कुणाचं मिक्सरला, कुणाचं फुग्याला, कुणाचं वाढदिवसाच्या हॉलमध्ये आलेल्या मोटू-पतलूला, जे टीव्हीवर त्याला दिवसभर लागतात. सांगताना आईबाप हसत असतात आणि पोरगं मांडीवर बसून सगळं ऐकत असतं. ते हसणं मला खटकतं.

अशा पुष्कळ मुलांमधला एक सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, त्याला बाळू म्हणू. वय साडेचार, घर औशाकडं. एका लग्नात गेटवर तो हवा भरलेला मोठा टेडी नाचत होता, हल्ली प्रत्येक मंगल कार्यालयात असतोच. आत बॅटरीवरचा छोटा पंखा सतत हवा भरत राहतो आणि सूटला चेन असते. बाळू बघून किंचाळला. मामाला वाटलं आत्ताच भीती मोडून टाकावी, म्हणून त्यानं टेडीवाल्याला सांगितलं, "तू माणूस हायस म्हणून दाखव की रे ह्याला." त्या बिचाऱ्यानं चेन उघडली, हवा गेली, टेडी फस्सकन खाली बसला आणि आतून घामानं निथळणारा माणूस बाहेर आला. सगळे हसले, कुणीतरी व्हिडिओ काढला, तो नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरला.

तेव्हापासून बाळू मिक्सर लागला की घराबाहेर पळायचा. फ्लश कुणी ओढला तर कान झाकायचा. अंगणवाडीच्या भिंतीवर अस्वलाचं चित्र आहे म्हणून तिकडं जायचं बंद.

"आधी टेडी, मग मिक्सर, मग संडास. उद्या कशाला भील काय सांगावं," वडील म्हणाले. आई म्हणाली, "आत्याबाई तर त्यो व्हिडिओ दाखवूनच जेवू घालतात. जेव, न्हाईतर टेडीला फोन लावते म्हणतात." आजीचं वेगळंच, "आमच्या टायमाला पोतराज होता, कोण मेलं का भिऊन?" आता पोतराजाच्या आसुडाला मीही लहानपणी कणगीमागं लपलेय, त्यामुळं आजींशी मी वाद घातला नाही. पण व्हिडिओ मात्र त्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाईलमधून काढायला लावला.

बाळूला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "का भितोस?" साडेचार वर्षांच्या मुलाला ह्याचं उत्तर देता येत नाही हो, मोठ्यांनाही देता येत नाही. मी तो विचारतच नाही. माझा प्रश्न असतो, ते काय करतं? दोनतीन भेटी तर तो नुसता चिकणमातीचे गोळे करत बसला, बोललाच नाही. मग एकदा त्यातलाच एक गोळा उचलून मी म्हटलं, हा टेडी. काय करतो हा?

"नाचतो."

"अजून?"

बराच वेळ गेला. मग माझ्याकडं न बघता, "गिळतो."

"कुणाला?"

"काकाला गिळला होता. मामानं काढला."

वडील तोंडावर हात ठेवून हसू दाबत होते. मी खुणेनंच थांबवलं. "मग आता तर काका बाहेर आला ना?"

"त्यो एकलाच आला. बाकीचे आतच हायत."

वडिलांचं हसू तिथंच गेलं. मी विचारलं, "आणि मिक्सर काय करतो रे?" तर म्हणाला, "टमाटे गिळतो. टेडीवानीच घूंऽऽ करतो." फ्लशबद्दल विचारावंच लागलं नाही.

म्हणजे घरच्यांना जी तीन वेगळी खुळं वाटत होती ती एकच भीती होती. घूं असा आवाज करणाऱ्या गोष्टी गिळतात. आणि जे पुरावा म्हणून दाखवलं त्यानंच ती पक्की केली, कारण बाळूनं डोळ्यांनी पाहिलं होतं की टेडीच्या पोटातून अख्खा माणूस निघाला. इतकं सरळ लॉजिक आणि घरात कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. खरं सांगते, अशा क्षणासाठीच मी हे काम करते, त्या दिवशी घरी जाताना मी गाडीत एकटीच हसत होते.

रेटा डेव्हरीज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली छापलेला एक प्रयोग मला कायम आठवतो. मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर होतं, मुलांनी त्याच्याशी ओळख करून घेतली, मग डोकं आडोशाला आणि शेपटीकडची बाजू मुलांच्या नजरेसमोर ठेवून त्याला कुत्र्याचा मुखवटा घातला. तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं की आता हा कुत्राच झाला. सहाव्या वर्षापर्यंत मुलांना कळू लागतं की मांजर मांजरच राहतं. तर ह्या मधल्या वयात "अरे, आत माणूस आहे" हे सांगणं म्हणजे मोठ्यांचं समाधान, पोराचं नाही.

मग करायचं काय? काही सहकारी महिनोन् महिने चित्रं काढून घेतात, त्यांचं त्यांना लखलाभ. माझा भरवसा थोडं थोडं जवळ जाण्यावर. ही वाट जुनी आहे, मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाला त्याचा आवडता खाऊ खाता खाता पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणत नेला, शेवटी तो सशाशी खेळला. मी त्यात एकच गोष्ट कधी सोडत नाही, की बटण पोराच्या हातात.

टेडीचा सूट भाड्यानं देणाऱ्या एका पोराला मी बोलावलं. तो आला तोच मुळी साधा माणूस म्हणून, पिशवीत घडी केलेला सूट घेऊन. बाळू दारात आईला धरून उभा. आम्ही सूट फरशीवर पसरला आणि बाजूला झालो, कुणी काही बोललं नाही. खूप वेळानं बाळू आला, आईचा मोबाईल मागितला, टॉर्च लावली आणि चेनमधून आत डोकं घालून बघितलं. एक पाय तपासला, दुसरा तपासला, हातसुद्धा. मग उठून म्हणाला, "कुणीच न्हाई."

त्यानंतरचं सोपं होतं. त्या पोरानं आधी पाय घातले, मग हात, दर वेळी "घालू का" असं बाळूला विचारून. पंख्याचं बटण बाळूनं दाबलं. टेडी फुगायला लागला तसा तो मागं सरकला, पण पळाला नाही. ओरडून विचारलं, "आत कोण हाय?" आतून आवाज, "मीच हाय बाबा, लै गरम व्हायलंय, बंद कर." बाळूनं बंद केलं, टेडी बसला आणि हा हसून हसून लोळायला लागला. मग तोच खेळ इतका वेळ चालला की टेडीवाला म्हणाला मॅडम आता मला सोडा.

मिक्सरचं घरीच झालं. येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळा अमावस्येचा सण जवळ आला होता, वाटणघाटण चालूच. आईनं त्याला मूठभर शेंगदाणे टाकायला दिले, फिरवल्यावर झाकण काढून कूट दाखवलं. गिळलेलं परत मिळतं हे त्यानं बघितलं. फ्लशला मात्र अजून कान झाकतो आणि झाकू दे की, जातो तर आहे ना संडासला.

आता ज्यांची मुलं अशी भितात त्यांना सांगते. "काही नसतं त्यात" म्हणू नका, त्याच्या लेखी असतं. ओढत नेऊन टेडीच्या कडेवर देऊ नका, फोटो नाही निघाला तर लग्न मोडत नाही. पण उलटंही करू नका, म्हणजे मिक्सर कायमचा बंद, टेडी दिसला की गाडी वळवली, असं केलं की पोराला वाटतं मोठेही घाबरले म्हणजे प्रकरण खरंच गंभीर दिसतंय. लांबून बघू द्या, मग थोडं जवळून, आणि त्यानं बास म्हटलं की बास. आणि ज्या गोष्टीला भितो तिचाच धाक घालून जेवू घालणं आजपासून बंद करा, ह्यात आजी, आत्या, मामा सगळे आले.

ह्या वयातल्या बहुतेक भित्या वाढत्या वयाबरोबर आपोआप जातात. सहा महिने उलटूनही कमी होईना, शाळा, जेवण, झोप बिघडली, किंवा भीतीनं पोरगं शी दाबून धरायला लागलं तर मात्र दाखवा. आवाजाला कान झाकण्यासोबत बोलणं उशिरा आलंय, नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही असंही असेल तर तो नुसत्या भीतीचा विषय नाही, बालरोगतज्ज्ञाकडं जा, नाहीतर अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला सांगा.

आणि परवा एकीनं विचारलं तसं, नाही, टेडीचा सूट भाड्यानं आणायची गरज नाही. घरातली गोधडी पुरते. आधी पोराला गोधडी आतून-बाहेरून बघू द्यायची, मग त्याच्यासमोर बापानं पांघरायची, आतून बोलत राहायचं, आणि पोरानं "काढ" म्हटलं की त्याच क्षणाला काढायची, गंमत म्हणूनसुद्धा जास्त वेळ ठेवायची नाही.