हॉटेलच्या खोलीचं भाडं भरलं म्हणजे आतल्या वस्तू आपल्याच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उज्जैन-ओंकारेश्वर करायला सहकुटुंब येताय, मुक्काम इंदूरला. सासूबाई म्हणतात, "एवढं भाडं मोजतोय, साबण-टॉवेल नेले तर बिघडलं कुठे?" आणि यजमान म्हणतात, साबणाच्या वडीलाही हात लावायचा नाही. यात बरोबर कोण?

दोघंही नाहीत. मी इथे विजयनगर भागातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला महाकाल लोक, म्हणजे महाकालेश्वर मंदिराभोवतीचा नवा परिसर, खुला झाला, तेव्हापासून महाराष्ट्रातली मंडळी आमच्याकडे भरपूर येतात. त्यामुळे तुमच्या घरातला हा वाद मी चेकआउटच्या वेळी काउंटरवर उभी राहून बरेचदा ऐकलेला आहे.

आमच्या बाजूने हिशेब सोपा आहे. तुम्ही गेल्यावर जी वस्तू कचऱ्यातच जाणार, ती तुमची. जी धुऊन, पुसून किंवा पुन्हा भरून पुढच्या पाहुण्याला द्यायची, ती हॉटेलची. किंमत किती, ती कपाटात होती की बाथरूममध्ये, याचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणजे साबण खुशाल न्या. एकदा कागद फाडला की ती वडी दुसऱ्याला देता येत नाही, आम्ही ती टाकूनच देतो. शाम्पूच्या छोट्या बाटल्या, कंगवा, शॉवर कॅप, ब्रश-पेस्टचं पाकीट, दाढीचं सामान, सुई-दोऱ्याची पुडी, चहा-कॉफी-साखरेच्या पुड्या, पेन, कागदाचं पॅड, कागदी वेष्टनातल्या पातळ पांढऱ्या चपला, हे सगळं तुमच्यासाठीच ठेवलेलं असतं. पाण्याच्या ज्या दोन बाटल्या टेबलावर असतात त्याही. फ्रिजमधल्या मात्र नाहीत, त्या बिलात लागतात, आणि त्यावरून होणारी भांडणं टॉवेलपेक्षा जास्त आहेत. ब्रश-पेस्ट, दाढीचं सामान आता बरीच हॉटेलं मागितल्यावरच देतात. दिसलं नाही तर फोन करून मागा, संकोच नको.

शाम्पूचं एक सांगायला हवं. पुढे-मागे छोट्या बाटल्या दिसणारच नाहीत. मॅरियटने २०१९ मध्येच जगभरातल्या आपल्या हॉटेलांतून त्या काढायचं जाहीर केलं, आणि कॅलिफोर्नियात तर मोठ्या हॉटेलांना २०२३ पासून कायद्यानेच बंदी आहे. कारण प्लॅस्टिकचा कचरा. आमच्याकडेही आता भिंतीला लावलेली मोठी बाटली आहे, खाली कुलूप. तरीसुद्धा रिकाम्या बाटलीत दाबून-दाबून शाम्पू भरून नेणारे भेटतात. त्यांच्या चिकाटीला मी काही बोलत नाही.

हक्काची एक हद्द मात्र लोक हमखास विसरतात: खोलीतलं तुमचं, पॅसेजमधल्या ट्रॉलीवरचं नाही. मुलगा आत पलंग लावत असतो, ट्रॉली दाराबाहेर उभी असते, आणि जाता जाता कोणीतरी मूठभर साबण आणि चार जोड चपला उचलतं. त्या मुलाला सकाळी स्टोअरमधून मोजून माल मिळालेला असतो. दुपारी शेवटच्या तीन खोल्यांना साबण पुरत नाही आणि तो स्टोअरवाल्याच्या शिव्या खातो.

आता टॉवेल. सासूबाईंचा खरा डोळा त्याच्यावरच असणार.

प्रत्येक टॉवेलमागे आमच्याकडे तीन नग असतात: एक खोलीत, एक लाँड्रीत, एक कपाटात. याला आम्ही तीन पार म्हणतो. सीझनला हॉटेल भरलेलं असताना एक पार कमी पडला की दुपारी दोन वाजता नवा पाहुणा रिसेप्शनवर आणि खोलीत टॉवेल नाही, असं होतं. पाचशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला पाचशे ग्रॅम वजनाचा) बरा बाथ टॉवेल घाऊक घेतला तरी काहीशे रुपयांना पडतो. आणि तो जुना झाला तरी फुकट जात नाही. कडा विरल्या की आम्ही तो कापून फडकी करतो, आरसे आणि फरशी पुसायला. म्हणजे "जुनाच तर होता" हेही खरं नाही, त्याची नोकरी अजून शिल्लक असते.

नेण्यापेक्षा जास्त टॉवेल खराब होऊन जातात, तो भाग वेगळाच. लग्नाचं बुकिंग असलं की हळद ठरलेली. हळदीच्या टॉवेलला डिटर्जंट लागला की डाग लालभडक होतो, नव्या मुलाला वाटतं रक्तच आहे. हळदीत आणि अल्कधर्मी पाण्यात ते होतंच. उन्हात वाळवला की डाग फिकट पडतो, पण चार मजल्यांच्या इमारतीत ऊन आणायचं कुठून. मग बूट पुसलेले फेस टॉवेल, उशीच्या अभ्र्यावर मेंदीचा पंजा. आणि रंगपंचमी! इथे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, बाहेरगावाहून लोक खास बघायला येतात आणि जांभळे-हिरवे होऊन थेट पांढऱ्या चादरीवर आडवे होतात. आम्ही आता आदल्या रात्रीच चांगले टॉवेल काढून बाद व्हायच्या वाटेवरचे ठेवतो. पाहुणे रिसेप्शनला तक्रार करतात की टॉवेल जुने आहेत. हो, आहेत.

पकडलं कसं जातं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. तुम्ही खाली बिल बघत असता तेव्हा वर एक मुलगा तुमच्या खोलीत असतो. टॉवेल, किटली, रिमोट, हँगर, फ्रिज, चादरी. दोन-तीन मिनिटांचं काम. मग खाली फोन वाजतो, "मॅडम, दो सौ चार में बाथ टॉवेल एक कम है." पाहुणे मराठी असले की मला पुढे करतात. तुमची बॅग आम्ही उघडत नाही. मी एवढंच म्हणते, "काकू, ओल्या कपड्यांबरोबर आमचा एखादा टॉवेल गेला का बघता का? घाईत कळत नाही." काकू कोपऱ्यात जाऊन बॅग उघडतात आणि म्हणतात, "अगं बाई, मुलांनी टाकला वाटतं." आमच्या हॉटेलात मुलं फार उद्योगी असतात. मी "असू दे हो" म्हणते, टॉवेल घेते, विषय संपतो. कोणाची अब्रू जाता कामा नये हे या कामाचं अर्धं अंग आहे.

काही जण मात्र चढ्या आवाजात भाड्याचा आकडा ऐकवतात. त्यांना माझं उत्तर एकच: पंगतीला बसवलं की पोटभर वाढतात, ताट-वाटी बरोबर देत नाहीत.

आणि टॉवेल सापडलाच नाही तर? सरळ हॉटेल असेल तर पाहुण्याच्या डिपॉझिटमधून वळता होतो, नाहीतर तोटा म्हणून लिहिला जातो. पण सगळी हॉटेलं सरळ नसतात. मी पूर्वी जिथे होते तिथे महिनाअखेरीला कमी भरलेल्या टॉवेलांचे पैसे त्या मजल्याच्या मुलांच्या पगारातून सरसकट कापायचे. कायदा सांगतो की कामगाराच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं असेल तरच, आणि त्याला आपलं म्हणणं मांडू देऊनच, पगार कापता येतो. पण झाबुआहून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा मालकाला कलम दाखवणार आहे का? तुम्ही नेलेला टॉवेल त्या मुलाच्या पगारातून गेला असण्याची शक्यता असते, मालकाच्या खिशातून नाही. "एवढं मोठं हॉटेल, त्यांना काय फरक पडतो" हे वाक्य म्हणूनच मला सहन होत नाही.

किरकोळीतही कलाकार असतात. रिमोटमधले नवे सेल काढून आपल्या टॉर्चमधले मेलेले घालून ठेवणारे. बल्ब बदलणारे. किटली नेऊन तिची वीज लावायची बैठक इथेच ठेवणारे; ती बैठक घेऊन आम्ही काय करायचं आणि तुम्ही ती किटली घेऊन काय करणार? (किटलीत दूध तापवू नका, हेही जाता जाता. तळाला करपतं आणि पुढच्याच्या चहाला वास येतो.)

कायद्याचं विचाराल तर टॉवेल नेणं ही चोरीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३०३. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. प्रत्यक्षात टॉवेलसाठी पोलिसांत कोणी जात नाही. पण जुलै २०१९ मधला बालीचा व्हिडिओ आठवत असेल: एका भारतीय कुटुंबाच्या बॅगांतून हॉटेलवाले हेअर ड्रायर, हँगर एकेक करून बाहेर काढत होते आणि ते आख्ख्या देशाने पाहिलं. त्यानंतर माझ्या हाताखालच्या मुलांनी दोन आठवडे दुसरा विषय काढला नव्हता.

टॉवेल खरंच आवडला असेल तर विकत मागा. यात विचित्र काही नाही. वेस्टिन या परदेशी हॉटेल साखळीच्या खास गाद्या १९९९ मध्ये आल्या आणि पाहुणे मागायला लागले म्हणून त्यांनी त्या विकायलाही काढल्या. आमच्याकडेही स्टोअरमध्ये नवा नग असला तर आम्ही बिलात लावून देतो, कोरा, पाकिटातला. चपलांचा जास्तीचा जोड सासूबाईंना हवा असेल तर तो मात्र फुकट मिळेल, फोनवर मागा म्हणजे झालं. कापडी लाँड्री बॅग विचारून घ्या, काही ठिकाणी ती धुऊन परत वापरतात.

राहिला नाश्ता. हॉलमध्ये बसून पोहे-जलेबी हवी तेवढी खा, पण डबा काढून इडल्या भरू नका; एखादं केळं किंवा सफरचंद हातात घेऊन गेलात तर कोणी बघत नाही. आणि यात तुमचा एक खरा हक्क आहे जो बहुतेक लोक सोडून देतात. उज्जैनला महाकालाची भस्म आरती पहाटे चारच्या सुमाराला असते, म्हणजे इंदूरहून तुम्ही मध्यरात्रीनंतर लगेच निघणार आणि सकाळचा नाश्ता बुडणार. भाड्यात नाश्ता धरलेला असेल तर आदल्या संध्याकाळी सातच्या आत रिसेप्शनला सांगा, "आम्हाला बांधून द्या." किचन बंद व्हायच्या आधी कळलं की सँडविच, फळ, ज्यूस असं काहीतरी पिशवीत भरून तयार ठेवतात. रात्री बारा वाजता सांगितलंत तर नुसते बिस्किटांचे पुडे मिळतील.