काकूंच्या निधनानंतरची रजा

प्रश्न : पुण्यातील एका खासगी कंपनीच्या कार्यालयात मी नऊ वर्षे लेखा विभागात लिपिक आहे. लहानपणीच आई गेल्यामुळे मला काकूंनी वाढवले. या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले, तेव्हा साहेबांना फोनवर कळवून मी गावी गेलो आणि तेरावा होईपर्यंत थांबलो. आमच्याकडे जवळच्या नातेवाइकाच्या निधनानंतर तीन दिवसांची भरपगारी रजा मिळते. परंतु ‘जवळचे’ म्हणजे आईवडील, पती-पत्नी व मुले, असे सांगून माझे तेराही दिवस बिनपगारी धरले गेले. हे योग्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या माउलीने आपल्याला वाढवले, तिचे दिवस करून परतल्यावर नाते सिद्ध करण्याची वेळ आपल्यावर यावी, याचे मनापासून वाईट वाटते. खासगी नोकरदारांना निधनानंतर वेगळी रजा मिळालीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास, ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा दिली. पण ती तरतूद तेवढ्यापुरतीच आहे. त्यामुळे ‘जवळचे’ कोण, हे कंपनीने ठरवलेल्या व्याख्येवरच अवलंबून राहते, आणि त्या तीन दिवसांवर आपल्याला कायद्याने हक्क सांगता येणार नाही.

मात्र सगळेच दिवस बिनपगारी धरणे मला पटत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला वर्षाला ८ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा असते आणि ती तिमाहीनुसार खात्यात जमा होते. म्हणजे फेब्रुवारीत आपल्या खात्यावर २ दिवस असायला हवेत. शिवाय मागील वर्षी किमान २४० दिवस काम झाले असेल, तर कामाच्या दर २० दिवसांमागे एक, म्हणजे कमीत कमी १२ दिवसांची अर्जित रजा या वर्षी मिळते, आणि मागची शिल्लक ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. यातली रजा आपण आधी वापरली नसेल, तर तेरा दिवसांचा हिशेब यातच बसतो.

तेव्हा प्रथम रजेच्या खात्याचा उतारा लेखी मागवा. त्यानंतर कापलेले दिवस शिल्लक रजेत वळते करून पगार द्यावा, असा अर्ज करा आणि त्याला मृत्यूचा दाखला जोडा. निधन कळल्याबरोबर साहेबांना फोन केला होता, हेही दिनांकासह लिहा, कारण अर्जित रजेला पूर्वमंजुरी नव्हती हा आक्षेप येऊ शकतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. दाद लागली नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

व्याख्येचा विषय मात्र या अर्जात मिसळू नका. त्यासाठी सहकाऱ्यांच्या सह्यांचे वेगळे निवेदन द्या आणि ‘कर्मचाऱ्याचा सांभाळ केलेली व्यक्ती’ एवढे शब्द नियमात घालण्याची मागणी करा. काकांनी, आजीने किंवा मावशीने वाढवलेली माणसे आपल्या कार्यालयातही आणखी निघतील.