अमेरिकेत ट्रक चालवायला गुगल मॅप्स पुरतं का, की ट्रकचा वेगळा जीपीएस घ्यावाच लागतो?

तुम्ही लिहिलंय की सीडीएल, म्हणजे ट्रकचं लायसन्स, हातात आलंय, पुढच्या महिन्यात न्यू जर्सीतून गाडी सुरू होतेय, आणि फोनवर नकाशा फुकट मिळत असताना वेगळ्या यंत्रावर काही शे डॉलर का घालायचे. मीही न्यू जर्सीतूनच नऊ वर्षं ५३ फुटी ट्रेलर ओढतोय. माझं उत्तर: घ्या, आणि न्यूयॉर्कचा पहिला लोड उचलायच्या आधी घ्या.

माझं काय झालं ते सांगतो. नोकरीचा दुसरा महिना. पहाटे साडेचारला व्हाइट प्लेन्सच्या बाजूला माल उतरवायचा होता. कंपनीने दिलेलं ट्रकचं जीपीएस यंत्र एक रस्ता दाखवत होतं, फोन बारा मिनिटं वाचवणारा दुसरा. मी फोनचं ऐकलं. रॅम्पवर वळलो आणि समोर पाटी: फक्त प्रवासी गाड्या. हचिन्सन रिव्हर पार्कवे, म्हणजे फक्त कारसाठीचा रस्ता. नशीब एवढंच की वेग कमी होता, मी रॅम्पवरच थांबलो. हॅझर्ड दिवे लावले, ९११ला फोन केला. पोलिसांनी मागची वाहतूक अडवली आणि मी इंच इंच गाडी मागे घेतली. तीन तास गेले, दंडाची पावती मिळाली, डिस्पॅचरचं (कंपनीत गाड्यांना लोड वाटून देणाऱ्याचं) जे काही ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर एकच करा: कुणी मागे उभं असल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. पुढचा बुटका पूल टाळायला जाऊन मागची कार चिरडलेले लोक आहेत.

न्यूयॉर्कचे पार्कवे हे आपल्या धंद्यातलं जुनं दुखणं. त्यातले बरेचसे १९२०-३०च्या दशकांत कारमधून रमतगमत फिरायला बांधले, म्हणून वरचे दगडी कमानींचे पूल बुटके. आपला ट्रेलर १३ फूट ६ इंच उंच. त्यात उंचीच्या बरोबरीने कायद्याचाही प्रश्न आहे: तिथे व्यापारी वाहनालाच मनाई, मग तुमची गाडी कमानीखालून आरामात जाणारी का असेना. बॉस्टनच्या स्टोरो ड्राइव्हचंही तेच. दर १ सप्टेंबरला विद्यार्थी घरं बदलतात आणि भाड्याचे ट्रक त्या पुलांखाली अडकतात. गावात त्याला ‘स्टोरोइंग’ असं क्रियापदच पडलंय. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमचा ११ फूट ८ इंचांचा रेल्वे पूल तर व्हिडिओंमुळे जगभर माहीत झाला. २०१९मध्ये तो ८ इंच उचलला, तरी लोक जाऊन आपटतातच.

फोन हे का सांगत नाही? कारण तो विचारतच नाही. कार, दुचाकी, बस, पायी एवढे पर्याय. उंची-वजन भरायला जागाच नाही. ट्रकच्या यंत्रात, मग ते गार्मिनचं डेझल असो, रँड मॅकनॅलीचं असो की फोनवरचं हॅमर किंवा ट्रकर पाथ, उंची, लांबी, वजन आणि धोकादायक माल आहे की नाही हे आधी भरावं लागतं. मग ते त्या मापात बसणारा रस्ता काढतं.

मनाई नेहमी उंचीचीच असते असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये आय-५८० महामार्गाच्या एका पट्ट्यात साडेचार टनांवरच्या ट्रकना बंदी, त्यांनी शेजारच्या आय-८८०ने जायचं. रस्ता चांगला रुंद आहे, डोळ्यांना काहीच कळत नाही. कोलोरॅडोत आय-७०वरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून एरवी धोकादायक माल नेता येत नाही, तो जवळजवळ १२,००० फुटांवरच्या लव्हलँड पास या घाटाने चढवावा लागतो. त्याच राज्यात इंडिपेंडन्स पासवर ३५ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई. २०२१मध्ये दरडींनी आय-७०चा ग्लेनवूड कॅन्यन या दरीतला पट्टा बंद पडला, तेव्हा जवळचा रस्ता म्हणून त्या पासवर ट्रक घुसले आणि वळणांत अडकले. माझे वडील कराड-चिपळूण मार्गावर गाडी चालवायचे. कुंभार्ली घाट चढायच्या आधी पाटणला चहाच्या टपरीवर विचारायचे, ‘वर काय आडवं पडलंय का?’ इथे ती टपरी नाही, म्हणून हे यंत्र.

आता त्याच्या खोडी. महामार्गावर ते उत्तम. शेवटच्या दोन मैलांत त्याच्यावर विसंबू नका. पत्ता टाकला की ते तुम्हाला ऑफिसच्या दारात नेतं आणि ट्रकचं फाटक मागच्या रस्त्यावर असतं. ‘ट्रक नाहीत, स्थानिक डिलिव्हरी वगळून’ अशी पाटी असलेला रस्ता टाळून ते कधी उगाच वळसा घालतं. तिथे माल उतरवायचा असेल तर तुम्हाला जाता येतं. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाचा कागद, हाताशी ठेवा, पोलिसाने विचारलं तर तेच दाखवायचं. न्यूयॉर्क शहरात नियम असा की मालाच्या पत्त्याला सर्वांत जवळच्या चौकापर्यंत ट्रक रूट, म्हणजे ट्रकसाठी ठरवलेला रस्ता, सोडायचा नाही. आणि ५३ फुटीला तिथल्या रस्त्यांवर मनाईच. लाँग आयलंडला जाताना ठरावीक महामार्गांवरूनच शहर ओलांडायचं.

आणि यंत्रात भरायची उंची टेप लावून मोजा. ट्रेलर रिकामा असला की स्प्रिंगा सैल होतात आणि तो थोडा वर उठतो. सकाळी भरल्या गाडीने ज्या पुलाखालून गेलात, त्याच पुलाला दुपारी रिकामं परतताना छप्पर घासू शकतं. पाटी आणि यंत्र यांचं जुळलं नाही तर पाटी खरी. पाटीनंतर रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला असेल तर पाटीवरही थोडा संशय ठेवा.

मी रात्री झोपण्याआधी एवढं करतो: यंत्राने काढलेला रस्ता रँड मॅकनॅलीच्या ट्रकवाल्या छापील अ‍ॅटलसवर बोटाने चालून बघतो. त्यात राज्यवार बुटक्या पुलांची यादी असते. मग गुगलच्या उपग्रह चित्रात रिसीव्हरचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, आवार बघतो: फाटक कुठे, वळायला जागा आहे का, डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या फलाटाला, लागायचं ते ड्रायव्हरच्या बाजूने की त्याला न दिसणाऱ्या आंधळ्या बाजूने. म्हणजे गुगल मीही वापरतो, फक्त गाडी उभी असताना. शेवटी रिसीव्हरला फोन करून विचारतो, ‘ट्रक कुठून येतात?’ तिथल्या फोर्कलिफ्टवाल्याला जे माहीत असतं ते कुठल्याच नकाशात नसतं. हे सगळं निघायच्या आधी, कारण चालत्या ट्रकमध्ये फोन हातात धरायला २०१२पासून देशभर बंदी आहे आणि दंड हजारांत जातो.

एक वेगळी गोष्ट: पुढेमागे परमिटचा, म्हणजे मापाबाहेरचा माल उचललात तर परमिटवर छापलेला रस्ता हाच कायदा. तेव्हा यंत्राने कितीही सोपा रस्ता दाखवला तरी तिकडे वळायचं नाही.

जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय असं तुम्ही विचारलंय. नकाशे अजून अपडेट होत असतील तर बिनधास्त घ्या. घरी आणल्यावर आधीच्या मालकाची मापं पुसून स्वतःची भरा. माझ्या एका मित्राने असंच घेतलं होतं. त्यात जुन्या मालकाच्या छोट्या ट्रकची १२ फूट उंची तशीच होती. ती त्याला तीन आठवड्यांनी दिसली, तीही वजनकाट्याच्या रांगेत कंटाळून मेनू चाळताना.