इतिहासातल्या एखाद्या व्यक्तीच्या विचारांमुळे तुमच्या रोजच्या वागण्यात खरंच काही बदल झाला का?

हो, झालाय. माझ्यासाठी ती व्यक्ती म्हणजे गोपाळ गणेश आगरकर, आणि त्यातही त्यांचं एकच वाक्य, "इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार." 1888 साली त्यांनी 'सुधारक' हे साप्ताहिक सुरू केलं त्याचं हे ब्रीदवाक्य. शाळेत पाठ केलेलं होतं, पण कळलं बाबा गेले तेव्हा.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. 2019 च्या जानेवारीत बाबा पहाटे गेले, नऊ वाजेपर्यंत घर माणसांनी भरलं, खाली तिरडी बांधायचं चाललेलं आणि आतल्या खोलीत आत्या आणि अजून तिघीचौघी आईला घेऊन बसलेल्या. आईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, संक्रांतीला भरलेल्या, आठवडासुद्धा झाला नव्हता. एकीने तिचं मनगट धरून ठेवलेलं आणि दुसरी मला म्हणाली, ओट्याखालचा वरवंटा आण गं. आई कुठेच बघत नव्हती. मी म्हटलं, वरवंटा येणार नाही. आत्या म्हणाली, "अगं रीत आहे ती, आत्ता वाद घालायची वेळ आहे का?" मी म्हटलं, "आत्या, आत्ताच आहे. उद्या बांगड्या फुटलेल्या असतील." एवढ्या मोठ्याने बोलले की बाहेर बसलेल्या काकांनासुद्धा ऐकू गेलं. वरवंटा आला नाही, कुंकूही कोणी पुसलं नाही.

आता इथे गोष्ट संपली असती तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं. त्याच रात्री आईने बेसिनपाशी उभं राहून हाताला साबण लावून एकेक बांगडी स्वतःच काढली, मंगळसूत्र डब्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून टिकली लावणं बंद केलं. मला इतका राग आला. महिनाभर मी तिच्या मागे लागले होते, टिकली लाव, अमुक साडी नेस, कशाला घाबरतेस लोकांना. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "तू त्या बायकांना अडवलंस ते चांगलं केलंस. पण आता काय लावायचं आणि काय नाही ते मला तू सांगणार का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या बायका हात धरून जे करत होत्या तेच मी तोंडाने करत होते.

तेव्हा मी आगरकर नीट वाचायला घेतले. ठाण्यात स्टेशनजवळ मराठी ग्रंथ संग्रहालय आहे ना, 1893 चं, म्हणजे आगरकर हयात असताना सुरू झालेलं, तिथून निबंध आणले. विधवांच्या केशवपनावर तर आहेच, पण बायकांनी जाकीट घालावं का असल्या घरगुती गोष्टीवर पण हा माणूस तितक्याच तळमळीने लिहितो. एमए करताना आईला कळवून टाकलं होतं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार. 1882 मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले (माझी लोकल रोज सँडहर्स्ट रोडवरून जाते तेव्हा हे हमखास आठवतं), मग सामाजिक सुधारणेवरून त्याच मित्राशी बिनसलं आणि 1887 ला केसरी सोडला. पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. 1895 ला गेले तेव्हा वयाची 39 वर्षंही पूर्ण झाली नव्हती, दम्याने आयुष्यभर छळलेलं.

बरेच जण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पळवाट म्हणून वापरतात, म्हणजे "जमेल तेवढं करू" असं. मला ते पटत नाही. जो माणूस स्वतःची प्रेतयात्रा निघाली तरी लिहायचा थांबला नाही तो पळवाट कशाला शोधेल? मी ते असं घेतलं की बोलताना कमी करायचं नाही, समोर कोण आहे बघून शब्द गिळायचे नाहीत, आणि करताना आधी बघायचं की ही गोष्ट माझ्या हातातली आहे का. वरवंटा माझ्या हातात होता. आईचं कपाळ माझ्या हातात नाही, ते तिचं आहे. माझी सगळी मूल्यं म्हणाल तर ह्या दोन गोष्टींमधला फरक एवढीच आहेत आणि ऑफिसात, नवऱ्याशी, मुलीशी वागताना तोच उपयोगी पडतो.

माझ्या हातात काय होतं, तर आमच्या घरचं हळदीकुंकू. 2020 पासून मी बोलावताना नवरा आहे की नाही बघत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर तसं स्पष्ट लिहिलं. दोघीतिघींनी यायचं बंद केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पहिल्या वर्षी दारातच उभ्या राहिल्या, म्हणाल्या तिळगूळ दे, कुंकू नको. मी करंडा खाली ठेवला, तिळगूळ आणि वाण दिलं, आग्रह केला नाही. पुढच्या खेपेला आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या हळद लाव फक्त. लावली.

आत्याशी मात्र अजून जमत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं ह्या सगळ्याच्या विरोधात ठराव केला, त्याची बातमी मी तिला पाठवली, तर तिने आठ दिवस फोन घेतला नाही. मग मीच घरी गेले, चहा प्यायलो, पुन्हा तोच वाद. टिळक-आगरकर पेपरातून एकमेकांवर तुटून पडायचे, तरी आगरकरांच्या शेवटच्या आजारपणात टिळक भेटायला गेले होते, आणि गेल्यावर केसरीत मृत्युलेखही त्यांनीच लिहिला. म्हणून मी आत्याकडे जाणं सोडत नाही आणि बोलणंही सोडत नाही.

ह्या संक्रांतीला वाणाच्या पिशव्या आईनेच भरल्या, बायकांना अत्तर पण तिनेच लावलं. टिकली ती अजून लावत नाही आणि मी विचारत नाही.