डिझेल गाडी काळा धूर सोडतेय आणि घाटात ओढत नाही. टर्बो गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१४ ची, १.३ लिटर डिझेल, दीड लाख किलोमीटर झालेली. खंबाटकीच्या घाटात ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ओढत नाही, मागे काळा धूर. गॅरेजमध्ये सांगितलं की टर्बो गेला, नवा टाकावा लागेल. आता हा टर्बो नेमकं करतो काय, डिझेल आत जातं कसं, आणि टर्बो खरंच गेलाय का?

मी वीस वर्षं कराडला पंप-नोझलचं काम करतोय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजून पैसे मोजू नका. गाडी काळा धूर सोडतेय, म्हणूनच माझा पहिला संशय टर्बोवर नाही, त्याच्या पुढच्या पाइपवर आहे. असं का, ते कळायला डिझेल इंजिन मुळापासून बघावं लागेल.

आमच्या मळ्यात विहिरीवर एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू करायचं इंजिन होतं. वडील हँडल फिरवायचे आणि मी वरची डीकॉम्प्रेशनची कळ धरून उभा राहायचो. कळ धरलेली असली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा निसटून जाते आणि ते जड चाक हलकं फिरतं. चाकाला वेग आला की वडील ओरडायचे, "सोड!" मी कळ सोडली की पुढच्याच फेरीला धाडकन पहिला ठोका पडायचा. त्या इंजिनाला प्लग नव्हता, बॅटरी नव्हती. फक्त हवा कोंडली गेली की आग लागत होती. पुढे जे काही शिकलो त्याचा पाया त्या कळीतच होता.

सायकलचा पंप जोरात मारला की नळी खालून गरम लागते, तेच इथे होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. डिझेल इंजिनात हवा साधारण सोळा ते अठरा पटीने दाबली जाते आणि तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं. डिझेल त्याच्या निम्म्या तापमानालाच आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने ऑग्सबर्गला १८९७ मध्ये जे इंजिन चालवून दाखवलं ते याच तत्त्वावर, आणि तुमच्या गाडीतलंही त्याच तत्त्वावर चालतं.

आता खरा मुद्दा. लोकांना वाटतं, ॲक्सिलरेटर दाबला की जास्त डिझेल जातं, म्हणून ताकद वाढते. अर्धंच खरं आहे. जास्त डिझेल टाकणं सोपं आहे, ते जाळायला हवा आणणं अवघड. हिशेब करून बघा. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा. टर्बो नसेल तर एका वेळी त्यात जेमतेम ०.३६ ग्रॅम हवा मावते. धूर न होता जाळायचं तर एक ग्रॅम डिझेलला किमान अठरा ग्रॅम हवा लागते असं धरा. म्हणजे एका ठोक्याला २० मिलिग्रॅम डिझेल, पाण्याच्या अर्ध्या थेंबाएवढं. यापेक्षा जास्त ओतलं तर ते पूर्ण जळत नाही, काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तुम्हाला मागे दिसतो तो काळा धूर म्हणजे हवा न मिळालेलं डिझेल.

टर्बो ही हवा वाढवतो. एका शाफ्टवर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर पहिल्याला फिरवतो, त्याच्यासोबत दुसरा फिरतो आणि बाहेरची हवा आत दाबतो. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या ताकदीवर हे चालतं. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एवढ्या वेगाला बॉलबेअरिंग सहसा वापरत नाहीत. शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि टर्बोचं आयुष्य त्या थरावर ठरतं. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पसरते, म्हणून ती समोरच्या इंटरकूलरमधून थंड करून घ्यायची. असं सगळं नीट चाललं आणि एक बारचा, म्हणजे बाहेरच्या हवेएवढाच, जादा दाब मिळाला, की त्याच ३१२ सीसीत ०.६५ ग्रॅमच्या आसपास हवा बसते. आता अर्ध्या थेंबाऐवजी जवळजवळ पूर्ण थेंब डिझेल जाळता येतं. इंजिन तेवढंच, ताकद दुपटीच्या जवळ. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं.

डिझेलच्या बाजूला तर मी दिवसभर असतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. जुन्या ट्रकच्या पंपात प्रत्येक सिलिंडरला एकेक प्लंजर, म्हणजे दट्ट्या, असायचा. दाब तयार करायचा तोच, आणि कधी, किती डिझेल सोडायचं तेही तोच ठरवायचा. इंजिन हळू फिरत असलं की दाबही कमी. कॉमन रेलने ही दोन कामं वेगळी केली. पंपाने फक्त दाब तयार करायचा आणि डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवून ठेवायचं. कधी आणि किती सोडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टरला म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलला सांगतो. कारमध्ये हे पहिल्यांदा १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये आलं. रेलमधला दाब जोरात चालवताना १,६०० बारपर्यंत जातो. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या.

इंजेक्टरच्या टोकाला केसाच्या दीडदोन पट जाडीची भोकं असतात. आतली सुई वीज थेट उचलत नाही, १,६०० बारच्या दाबाविरुद्ध ते जमणारच नाही. वीज वरचा एक चिमुकला व्हॉल्व्ह उघडते, सुईच्या डोक्यावरचं थोडं डिझेल रिटर्न लाइनला, म्हणजे परत टाकीकडे जाणाऱ्या नळीला, निघून जातं, वरचा दाब पडतो आणि खालचा दाब सुईला वर ढकलतो. म्हणूनच इंजेक्टर तपासायला आम्ही चारही रिटर्न नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावतो आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतो. तीन बाटल्या चार बोटं भरल्या आणि चौथी गळ्याशी आली, तर तो व्हॉल्व्ह झिजलाय. महागडं मशिन लागत नाही, डोळ्यांना दिसतं. मुख्य डिझेलच्या आधी एक-दोन घन मिलिमीटरचा छोटासा फवारा मारतात, तो आधी पेटून जागा तापवतो. जुन्या डिझेल गाड्यांची ती कटकट तुमच्या गाडीत कमी ऐकू येते ती या छोट्या फवाऱ्यामुळे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या गाडीत डिझेलच्या नळीत अडकलेली एअर काढायला इंजिन चालू ठेवून नोझलचा नट ढिला करायची पद्धत होती. कॉमन रेलवर ते कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. तो फवारा डोळ्यांना दिसणारही नाही आणि कातडीतून आत घुसेल. वरून टोचल्याएवढं दिसतं, आत बोट सडतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आता तुमच्या धुराकडे येऊ. एअर फिल्टरनंतर, टर्बोच्या आधी, हवा मोजणारा सेन्सर असतो. आत किती हवा आली ते तो ईसीएमला सांगतो आणि त्या हिशेबाने ईसीएम डिझेल देतो. टर्बो स्वतःच गेला असेल, तर हवाच कमी ओढली जाते. सेन्सर तसं सांगतो, ईसीएम डिझेलला हात आखडता घेतो. गाडी मरगळते, पण धूर फारसा होत नाही. पण टर्बो चांगला आहे आणि त्याच्यापुढचा इंटरकूलरचा पाइप फाटलाय, तर काय होईल? सेन्सरने हवा मोजली, ईसीएमने तेवढं डिझेल सोडलं, आणि मोजलेली हवा वाटेतच निसटली. सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण थेंब, हवा अर्ध्या थेंबापुरती. ओढ नाही आणि धूर काळाकुट्ट. तुम्ही वर्णन केलंय ते नेमकं हेच.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक गाडी माझ्याकडे आली, दुसरीकडे टर्बो सांगून झाला होता. इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप वरून नवा दिसत होता. खालून बोट फिरवलं तर काळं, चिकट ऑइल हाताला लागलं. टर्बोकडून येणाऱ्या हवेत थोडं ऑइल असतंच, ते चिरेतून बाहेर येऊन धूळ पकडतं. पाइप वाकवला तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. सोडला की मिटून जायची. इंजिन उभ्या उभ्या रेस केलं तर काही कळत नव्हतं, चढाला दाब आला की ती तोंड उघडायची. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या, गाडी त्याच संध्याकाळी उंब्रजपर्यंत पळवून आणली, मागे धूर नाही.

तेव्हा आधी टर्बोपासून इनटेकपर्यंतचा, म्हणजे हवा इंजिनात शिरते तिथपर्यंतचा, प्रत्येक पाइप खालून चाचपून बघायला सांगा. पाइपमध्ये बेताचा दाब भरून साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे चीर दाखवतात. मग ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने उघडा अडकलाय का ते बघा, तोही असाच धूर करतो. एअर फिल्टर आणि तो सेन्सर मळलाय का ते बघा. नंतर बाटल्यांची टेस्ट करून घ्या, आणि गळका इंजेक्टर धूर करतो म्हणून संशय आला तर इंजेक्टर काढून बेंचवर त्याचा फवारा तपासा. टर्बोवर शिक्का शेवटी मारायचा. आधी गार इंजिनावर त्याच्यात हवा आणणारा, एअर फिल्टरकडचा पाइप काढा आणि पंख्याच्या नटला चिमटीत धरा. बाजूला किंचित हलणं ठीक आहे, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा असते. आत-बाहेर हलत असेल, किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो गेलाय. निळा धूर आणि ऑइल कमी होणं हेही त्याचं लक्षण.

फाटका पाइप तसाच ठेवून नवा टर्बो बसवला तर दाब भरून काढायला तो मर्यादेबाहेर फिरतो आणि लवकर जातो.

टर्बो खरंच बदलावा लागला तर कारण शोधल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. नवशिका असताना मी एका पिकअपला नवा टर्बो बसवला, पण त्याला ऑइल आणणारी बारीक नळी साफ केली नाही. आत जळकं ऑइल बसलं होतं. पंधरा दिवसांत तो टर्बोही गेला आणि मालकाला दुसऱ्या टर्बोचे पैसे मी भरून दिले. तेव्हापासून ती नळी नवीच टाकतो. ऑइल आणि फिल्टर बदलतो, इंटरकूलरमधलं जुनं ऑइल उपसून काढतो, टर्बोच्या ऑइल येण्याच्या भोकात हाताने ऑइल ओततो, आणि ऑइलचा दाब येईपर्यंत इंजिन सुरू न करता नुसता स्टार्टर मारतो. सुरू झाल्यावर दोन मिनिटं पाय लावत नाही. तुमच्याकडे जो कोणी काम करेल, त्याला हे सगळं करताना स्वतः शेजारी उभं राहून बघा.